निळ्या रंगाखालची चीर

मी एक जुनी पोलादी भिंत आहे. मित्रांनो, भिंत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे घर आले असेल; पण माझा जन्म गेला ट्रकवर. ओंडके वाहणाऱ्या ट्रकवर, चालकाच्या केबिनच्या पाठीशी.

मला आखले एका इंजिनिअर बाईंनी. मालक कुरकुरले, "ही कशाला? तेवढ्या वजनात आणखी एक ओंडका बसेल."

बाई म्हणाल्या, "साहेब, ब्रेक ट्रकला असतो, ओंडक्याला नाही. आणि ओंडक्यांच्या पुढे माझा दादा बसणार आहे."

मग त्यांनी ट्रकचे इतर वजन घटवले, ओंडक्यांची बैठक खाली आणली. माझ्या जाडीला मात्र हात लावला नाही.

दादा मोठा काटेकोर चालक. जंगलातून निघाल्यावर पहिल्या सपाट जागी थांबायचा. हादऱ्यांनी ओंडके खाली बसून साखळ्या सैल पडतात, त्या पुन्हा आवळायचा. माझ्यावर तर त्याचा भारी जीव. तपासणी जवळ आली की स्वतःच्या हाताने मला निळा रंग द्यायचा आणि "बघा आमची नवरी!" म्हणून मिरवायचा. लोक कौतुक करायचे. मीही फुलून जायचे.

ट्रकच्या सांगाड्यावर मी दोन पोलादी पायांवर उभी होते. त्या रंगाखाली, माझ्या डाव्या पायाच्या जोडाला चीर पडली होती. दरवर्षी ती वाढायची आणि दरवर्षी रंगाने झाकली जायची. तपासणारे चकाकी बघून पुढे सरकायचे. मला ती ठसठसायची, पण सांगणार कशी?

एकदा उतारावर सायकलवाला आडवा आला. दादाने करकचून ब्रेक दाबला. ट्रक थांबला, ओंडके थांबले नाहीत. मी जीव खाऊन उभी राहिले. उजवा पाय टिकला, डावा निखळला. दादा वाचला, पण त्याचा डावा हात कायमचा लुळा पडला.

बाई आल्या. चिरेच्या आत गंज होता. ती जुनी आहे हे त्यांना बघताक्षणी कळले.

दादा रडवेला होऊन म्हणाला, "अगं, मी तर हिला जिवापाड जपलं."

"जपलंस रे दादा," बाई हळूच म्हणाल्या, "बघायचं तेवढं राहिलं."

आता मी मालकांच्या कारखान्याच्या आवारात वाकडी उभी आहे. दादा नव्या चालकांना माझ्यापाशी आणतो आणि प्रत्येकाचे बोट त्या चिरेवरून फिरवतो.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला खुशाल सजवा. पण आधी खरवडून बघा.

माझा निळा रंग आता पार उडाला आहे. दादा कुणाला नवा देऊ देत नाही.