शेवटचे दहा सेकंद

आर्वो साल्मेलाला अमेरिकेतल्या डुलुथ गावात वाईट म्हणणारा माणूस सापडायचा नाही. कागद गिरणीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर काढली, दारूचा थेंब नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण काही माणसांचा चांगुलपणा असा असतो की घरातल्यांना तो सोसावा लागतो. हातात घेतलेलं काम ‘चालेल’ या शब्दावर सोडायचं नाही, हा त्याचा चांगुलपणा. त्याच्या बायकोने, एल्नाने, तो त्रेपन्न वर्षं सोसला.

त्यांच्या घरात एक तबकडी होती, बशीएवढी, काळी, आता कडांना भुरकट झालेली. अडतीस वर्षांपूर्वी जत्रेत एक काचेची खोली यायची. नाणं टाकायचं, एक मिनिट बोलायचं किंवा गायचं, की यंत्र तिथल्या तिथे तबकडी कापून हातात द्यायचं. त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीने, कारिनने, त्यात गाणं म्हटलं. त्याच हिवाळ्यात मेंदूज्वर झाला आणि चार दिवसांत ती गेली. आर्वो आणि एल्नाला दुसरं मूल नव्हतं, पुढेही झालं नाही.

ती गेल्यावर एल्ना सकाळपासून तीच तबकडी लावून बसायची. दिवाणखान्यातल्या त्या जुन्या प्लेयरची सुई म्हणजे नांगराचा फाळ. पंधरा दिवसांत पोरीच्या आवाजावर खरखर चढली. तेव्हा आर्वोने ती तबकडी उचलली, मऊ कापडात गुंडाळली आणि हत्यारांच्या कपाटात ठेवून दिली. झिजून जाईल गं, तो म्हणाला, धक्का न लावता वाजवणारं यंत्र मिळालं की लावू. एल्नात तेव्हा भांडायचं बळ नव्हतं.

गाणं तिला पाठच होतं. पण गाणं संपल्यावर, अगदी आतल्या कडेला, कारिन काहीतरी बोलते. दहा सेकंद, फार तर. ते कधीच नीट कळलं नाही. साध्या प्लेयरचा हात दारासारखा एका बिजागरीवर फिरतो, त्यामुळे तबकडीच्या मध्याशी पोचेपर्यंत सुई तिरपी होते आणि आवाज फाटतो. एल्ना वर्षातून एखाद्या वेळी, बहुधा कारिनच्या वाढदिवसाला, एवढंच म्हणायची की गाणं राहू दे, शेवटी ती काय म्हणते तेवढं एकदा ऐकव.

त्या वर्षी मार्चमध्ये दोन गोष्टी झाल्या. एल्नाचा डावा कान लहानपणीच गेलेला. आता उजवाही चालला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाच्या यंत्राने थोडे महिने निघतील, नाताळपर्यंत धरून चाला, पुढे काही नाही. आणि त्याच आठवड्यात आर्वोचा दोस्त व्हर्लिन स्टोल्ट, असल्याच वेडातला, एक जुना टोनआर्म, म्हणजे प्लेयरचा सुई धरणारा हात, घेऊन आला. हा हात बिजागरीवर फिरत नाही. पॉलिश केलेल्या दांड्यावर एक नळी, नळीत पंपाची हवा, आणि त्या हवेच्या पातळ थरावर ती नळी सुईसकट तरंगत सरळ रेषेत सरकते. तबकडी कापताना कापणारी सुई जशी सरळ गेली, तशीच ही जाते. आतल्या कडेलाही सुई तिरपी होत नाही.

आर्वोला वाटलं, देव पावला. एल्नालाही वाटलं. तिने वेलदोडा घातलेला पाव भाजला आणि व्हर्लिनला तीन तुकडे आग्रहाने वाढले.

एप्रिलमध्ये आर्वोने तो हात दिवाणखान्यातल्या प्लेयरवर बसवला. मग त्याच्या लक्षात आलं की जत्रेतल्या तबकडीचं भोक नेमकं मधोमध नाही, त्यामुळे तबकडी फिरताना खाचा डावी-उजवीकडे हेलकावतात. हाताचं वजन जास्त असेल तर सुई खाचेची भिंत घासणार. म्हणून त्याने सुई धरणारी मूळची पितळी दांडी काढून शिकाऱ्याच्या बाणाची कार्बनची काडी कापून बसवली. हात हलका झाला, तर सुईपासून आवाज नेणाऱ्या तारा त्याला ओढायला लागल्या. त्या केसासारख्या तारा उकलून पुन्हा सैल वळवण्यात जून गेला. मग दांडा पाण्यासारखा समतल हवा. बिनखाचेच्या गुळगुळीत तबकडीवर सुई टेकवायची आणि बघायचं. हात जागच्या जागी राहिला तर जमलं, कुठेही सरकला तर पुन्हा स्क्रू. आणि त्यांचं घर तळ्याकाठी, लाकडी. हवा दमट झाली की जमीन आपली मान कलती करायची.

ऑगस्टमध्ये व्हर्लिनने दुसरी तबकडी लावून स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि जाहीर केलं की असा हात त्याने कुठे पाहिला नाही. आता वाजव, तो म्हणाला, टेपवर उतरवून घे आणि हजारदा ऐका. आर्वो म्हणाला, तळघरातल्या पंपाची धपधप येतेय खालून. टेपवर उतरली की कायमची उतरली.

“अरे, ती धपधप मला ऐकू येत नाही,” व्हर्लिन म्हणाला.

“मला येते.”

“तू वाजवणार आहेस कुणासाठी, पंपासाठी की बायकोसाठी?”

एल्ना तिथेच उभी होती. तिला कानाला यंत्र लावून अजून बरंच ऐकू यायचं. ती म्हणाली, “आर्वो, असू दे धपधप. मला चालेल.”

तो शब्द तिने उच्चारायला नको होता. “पंधरा दिवस दे,” आर्वो म्हणाला. “अडतीस वर्षं थांबलीस. आता घाईघाईत वाजवून बिघडवायचं का?”

तिने दिले. यात तिची चूक काय, असं कुणी विचारेल. चूक एवढीच की तिला नवऱ्याचं प्रेम कळत होतं. बाकीचे नवरे फुलं आणतात, हा तळघरात बसून हवा सरळ करत होता, आणि ते तिच्यासाठीच होतं.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. पंप आणि हाताच्या मध्ये त्याने जुन्या आग विझवायच्या नळकांड्याची टाकी जोडली, मग दुसरी जोडली. धपधप मेली. ऑक्टोबरच्या एका सकाळी तो आनंदाने जिना चढून वर आला, तर स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारत होती, झाकण थडथडत होतं, आणि एल्ना तिच्याकडे पाठ करून शांतपणे पाव कापत होती. आर्वोने गॅस बंद केला. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, मग किटलीकडे पाहिलं, आणि तिला कळलं. त्याला तिच्याही आधी कळलं होतं. त्या दिवशी घरात कुणी कॉफी प्यायलं नाही.

डॉक्टरांनी यंत्र बदलून पाहिलं, आवाज वाढवून पाहिला. काही नाही. एल्ना खिशात वही-पेन्सिल बाळगू लागली.

नोव्हेंबरात तिनेच विषय काढला. “ते लाव आता,” ती म्हणाली. आपला आवाज तिला ऐकू येत नसल्याने ती जरा मोठ्यानेच बोलायची. “मी नाही तर तू ऐक.”

दुपारी ती दिवाणखान्यात स्पीकरसमोर खुर्ची ओढून बसली, कंप तरी जाणवावा म्हणून तळहात स्पीकरच्या कापडावर ठेवला. आर्वोने टेप सुरू केली आणि सुई टेकवली. हात हवेवर तरंगत निघाला, कसलाही आवाज न करता, तबकडीच्या हेलकाव्याबरोबर अलगद डुलत. कारिन गाऊ लागली. आर्वोचे प्राण कानात गोळा झाले. खरखर होती, पण खाली, लांब. धपधप नव्हती. आतल्या कडेशी हात पोचला तसा त्याने श्वास रोखला. आवाज फाटला नाही. एक अक्षरही फाटलं नाही. सुई कोऱ्या भागात आली, त्याने हात उचलला, आणि तो एल्नाकडे वळला तेव्हा त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

त्याने वहीत लिहिलं: शेवटपर्यंत स्वच्छ. कुठेही फाटला नाही.

एल्नाने वाचलं. “ते झालं,” ती म्हणाली. “ती म्हणाली काय?”

आर्वोची पेन्सिल थांबली. त्याला खरखर आठवत होती, तारांचा ताण आठवत होता, शेवटच्या खाचांतली प्रत्येक सुस्पष्ट कड आठवत होती. शब्द आठवत नव्हते. काहीतरी बनवून लिहावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग त्याने लिहिलं: मी शब्द ऐकले नाहीत. मी यंत्र ऐकत होतो.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती उठली. त्या हाताला तिने आजवर बोट लावलं नव्हतं, त्याने लावू दिलं नव्हतं. आता तिने सांधे सुजलेल्या बोटाने तो ढकलला, आणि तो सरळ बाहेरच्या कडेला जाऊन खट्कन आपटला.

“सुई तू टेकव,” ती म्हणाली. “आणि मग तिथे उभा राहू नकोस. इथे येऊन बस. माझ्या लेकीला ऐक.”

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. यंत्राकडे त्याने पाठ केली. गाणं झालं. एक छोटा श्वास ऐकू आला, मग कारिन म्हणाली, “पप्पा, संपलं का? अजून वेळ आहे?” आणि तिच्यामागून एक तरुण, हसरा आवाज आला, “आहे गं राणी. भरपूर आहे.” पुढे सुई कोऱ्या जागेत फिरत राहिली. ती उचलायला कुणी गेलं नाही.

आर्वोने दोन्ही ओळी लिहिल्या. एल्नाने वही खिडकीशी धरली. तिने वाचलं, पुन्हा वाचलं. वरच्या ओळीवरून तिने अंगठा फिरवला. मग खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “आणि हे कोण म्हणालं?”

त्याने तिच्या हातातून वही घेतली आणि खाली लिहिलं: मी.