तुळशीला पाणी कोणी घातलं?

मित्रांनो, मी नळाला लावायचा एक जुना टायमर आहे. मला ना बॅटरी, ना नेट. पोटात स्प्रिंग, डोक्यावर गोल चकती. ती फिरवली की मी पाणी सोडतो, टिकटिक करत उलटा येतो आणि आपणहून नळ बंद करतो. चेणे गावातल्या या बैठ्या घरातली जास्वंद माझ्याच पाण्यावर वाढली. पुढे माझी रवानगी खिळ्यांच्या डब्यात झाली. उघडा डबा ओटीवरच्या खिडकीत असायचा, त्यामुळे दिसायचं आणि ऐकू यायचं मात्र सगळं.

मंदाआजींच्या अंगणात तुळशींचा मोठा वाफा आहे. आंघोळ करून आपल्या हाताने त्याला पाणी घातल्याशिवाय आजी अन्न घेत नाहीत. यंदा त्यांची कंबर धरली, बादल्या बंद झाल्या. म्हणून त्यांच्या मुलाने, जितेशदादांनी, घरातले दिवे-पंखे आणि बागेचं पाणी सांभाळणारा नवा कंट्रोलर आणला.

सकाळी आजी बाहेर येतात तो वाफा ओलाचिंब!

"पाणी कोणी घातलं?"

"या डबीने, आई. आपोआप!"

"आंघोळ केली होती का हिने?"

नात सान्वी खुदकन हसली. आजी हसल्या नाहीत. "ओल्यात आणखी ओतलं तर मुळं कुजतील. नाही ओतलं तर मी जेवू कशी रे?"

त्या दिवशी आजींनी चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी फोनवर बटण करून दिलं. आजींनी फोनला नमस्कार करून बोट टेकवलं. भलतंच बटण! पंखा गरगर सुटला आणि देवघरातला दिवा विझला. आजी फोनला पुन्हा हात लावेनात.

"जितू, तुझं यंत्र हुशार आहे हो. पण मी कालपासून उपाशी आहे."

दादांनी घाईघाईने दुकानदाराला फोन लावला. "भैया, मम्मी के हाथ से चले, ऐसा कंट्रोलर है क्या?"

"साहब, उसको नल बोलते हैं!"

दादांनी फोन ठेवला. मग त्यांनी खिळ्यांचा डबा जमिनीवर पालथा केला.

मला नळावर बसवलं. आजींनी माझी चकती फिरवली. पाणी झुळझुळ वाफ्यात शिरलं. माझ्या टिकटिकीवर त्यांनी जप केला. मी थांबलो तशा त्या म्हणाल्या, "सान्वी, पान वाढ गो."

नवा कंट्रोलर आता कढीपत्ता आणि झेंडू बघतो. त्यांना आंघोळीचं काही नसतं.

मित्रांनो, एवढंच करा. माझ्या तोंडची जाळी अधूनमधून धुवा, तिच्यात वाळू अडकते. मी मध्येच थांबलो, तर आजी जेवायच्या राहतात.