शेंग्या आणि मी, अर्धा कासरा

मित्रांनो, मी एक जुना कासरा आहे. खरे सांगायचे तर अर्धाच आहे. मला बोलायची सवय नाही, आणि माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगावी की नाही याचीही खात्री नाही. तरी सांगतो. कंटाळा आला तर मला खुंटीला अडकवून खुशाल खेळायला जा. मी रागावणार नाही.

कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायचा लांब दोर. माझा जन्म उदगीरजवळच्या एका खेड्यात, ईश्वरप्पांच्या अंगणात झाला. मडिवाळप्पा नावाच्या म्हाताऱ्याने अंबाडीच्या वाखाला पीळ देऊन मला घडवले. शेवटची गाठ मारताना तो म्हणाला, "ईश्वरप्पा, हा तुझ्याहून जास्त टिकतो बघ."

"टिकू दे," ईश्वरप्पा म्हणाले. "घरात कुणीतरी टिकाया पाहिजे."

बैलांसोबतची माझी वर्षे चांगली गेली. पोळ्याला मला गेरूचा रंग मिळे आणि मी उगीच ऐट करी. मग शेतात ट्रॅक्टर आला आणि बैल विकले गेले. आमच्याकडे जनावर दुसऱ्याला दिले, तरी त्याचे दावे किंवा कासरा देत नाहीत. दाव्यासोबत घरची बरकत जाते म्हणतात. म्हणून मी मागे राहिलो, खुंटीवर. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. पुढची काही वर्षे सांगण्यासारखी नाहीत.

एके दिवशी घरात कारवानी जातीचे एक पिल्लू आले. आमच्या लातूरकडची ही कुत्री लांब, सडपातळ आणि वाऱ्यासारखी पळणारी. तुरीच्या शेंगेसारखे लांबट म्हणून त्याचे नाव शेंग्या पडले. ईश्वरप्पांच्या पत्नी उमादेवींनी विळा घेऊन मला मधोमध कापले. दुखले, पण मी आता कुणाच्या तरी गळ्यात पडणार होतो. माझा दुसरा अर्धा भाऊ कपडे वाळत घालायच्या कामी लागला.

उमादेवींचे माहेर बिदरकडचे. शेंग्याशी त्या माहेरच्या कानडीतच बोलत. बा म्हणजे ये. कुंद्रु म्हणजे बस. होग म्हणजे जा. शेंग्याची शाळा एवढीच, पण तो त्यात पहिला आला. पुढे उमादेवी गेल्या, आणि ईश्वरप्पा आपल्या मुलाकडे, संगमेश्वरकडे, नांदेडजवळ विष्णुपुरीला राहायला आले. सोबत एक पिशवी, शेंग्या आणि मी.

मराठवाड्यात समुद्र कुठला? पण तिथल्या धरणाचे अफाट पाणी पाहून कुणीतरी वस्तीला 'सागर कॉलनी' नाव दिले होते. आम्हाला ते लगेच पटले. सकाळी वारा सुटला की काठाला लाटा येतात आणि पाय बुडवायला जागा मिळते. कुत्र्याला घेऊन फिरायचे असेल तर मी तुम्हाला काठची पायवाट सांगेन. तिथे सावली आहे, पाणी आहे, आणि वटवाघळांसारखे उलटे लटकायला मलाही एक लिंबाची फांदी आहे. पुढे ज्वारीच्या बांधावरून जाता येते. परतताना चहाची टपरी लागते. तिथला माणूस शेंग्याला चहात बुडवलेला पाव देई आणि ईश्वरप्पांना विचारी, "आप्पा, याला साखर कमी का तुमच्यासारखी?"

पण याच वाटेवर घोटाळा झाला.

कॉलनीतल्या धुरपताबाई रोज माशांना कणकेच्या गोळ्या टाकायला काठावर येत. त्यांना कुत्र्याची फार भीती. पहिल्याच दिवशी शेंग्याला पाहून त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "नको बा! नको बा!"

आता आपल्याकडे प्रत्येक वाक्याला 'बा' चिकटतोच. काय बा, चल बा, मला न्हाई बा जमत. शेंग्याला मात्र एकच बा ठाऊक होता. त्याने कान टवकारले आणि मला ओढत, शेपूट हलवत तो सरळ त्यांच्याकडे निघाला. बाई जितक्या 'नको बा' म्हणत, तितका तो जवळ जाई. गोळ्यांचा डबा पाण्यात पडला. माशांची चंगळ झाली.

कॉलनीचे अध्यक्ष आनंदराज धावत आले. "आप्पा, आवरा बा तुमचं जनावर!"

शेंग्या त्यांच्याकडेही गेला. बोलावले की जायचे, एवढे त्याला कळत होते.

तुम्ही विचाराल, ईश्वरप्पांना हे कसे उमगले नाही? मीही पुष्कळ विचार केला. त्यांच्या डोक्यात मराठी बा आणि कानडी बा वेगवेगळ्या खोल्यांत राहत असावेत. शिवाय नव्या ठिकाणी लोक हसतील म्हणून ते शेंग्याशी त्याच्या कानाला लागून, कुजबुजत बोलत. गेलेल्या उमादेवींची भाषा आता या एकाच कानात शिल्लक आहे, हे त्यांना माहीत होते. त्यामुळे ती दुसऱ्या कुणी ऐकलीच नाही. मी सारे जाणून होतो, पण दोराला जीभ नसते.

असे रोज होऊ लागले. शेवटी धुरपताबाई संगमेश्वरला म्हणाल्या, "एक तर ते कुत्रं काठावर येईल, न्हाई तर मी. अंगावरच येऊन राहिलंय ते."

संगमेश्वर रात्री जेवताना म्हणाला, "आप्पा, मुदखेडचे किशनराव शेतावर राखणीला कुत्रं शोधून राहिलेत. चांगला माणूस आहे. शेंग्याला मोकळं रान मिळेल."

ईश्वरप्पा "बरं" म्हणाले. भाकरीचा तुकडा त्यांनी तसाच ताटात ठेवला. आता शेंग्या गेला, की त्यांना कुजबुजायलाही कुणी उरणार नव्हते.

किशनराव सकाळी जीप घेऊन आले. फाटकापाशी चार माणसे जमली. धुरपताबाईही लांब उभ्या होत्या. ईश्वरप्पांनी शेंग्याच्या गळ्यातून मला सोडवायला घेतले.

"राहू द्या की दावं संगं," किशनराव म्हणाले.

"जनावर द्यावं, दावं देऊ न्हाई," ईश्वरप्पा म्हणाले, आणि मी त्यांच्या हातात आलो.

"हाव, तेबी खरं. साखळी आणलीय मी." किशनरावांनी इकडे तिकडे पाहिले. "जीपमधीच राहिली वाटतं."

ते वळले, तेवढ्यात काठावरून बगळे उठले. शेंग्या सुटला. फाटकातून बाहेर, बगळ्यांच्या मागे, थेट मोठ्या रस्त्याच्या दिशेने. तिकडून नांदेडची बस येत होती. आनंदराज ओरडले, "यू यू!" संगमेश्वरने शीळ घातली. किशनरावांनी जीपमधून साखळी काढून वाजवली. शेंग्याने मागे पाहिलेसुद्धा नाही.

ईश्वरप्पांच्या मुठीत मी घट्ट आवळला गेलो. आणि माझ्या मालकाने, जन्मात ज्याने बैलावरसुद्धा आवाज चढवला नव्हता, त्याने सगळ्या कॉलनीसमोर हाक मारली, "शेंग्या, बाऽऽ! बाऽऽ!"

शेंग्या पळता पळता गर्रकन वळला. आला तो सरळ ईश्वरप्पांपुढे.

"कुंद्रु," ते म्हणाले. तो बसला. बस आपल्या वाटेने निघून गेली.

मग धुरपताबाईंनी लांबूनच विचारले, "आप्पा, तुमच्यात बा म्हंजे काय हो?"

"ये," ईश्वरप्पा हळूच म्हणाले. "घरच्यांनी शिकवलं त्याला. कानडी हाय." आणि हे म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला. दोन खोल्यांमधले दार त्या क्षणी उघडले असावे.

"म्हंजे मी रोज त्याला ये ये म्हणून राहिले व्हते?"

"बाई, रोजचं आवतन तुमचं," आनंदराज म्हणाले. "ते बिचारं मान राखून येऊन राहिलं. तुम्हीच डबा टाकून पळायच्या."

"तुमच्याकडंबी आलंच की ते," बाई म्हणाल्या. "मग जा म्हणायला काय म्हणत्यात?"

"होग."

धुरपताबाईंनी पदर सावरला, एक पाऊल पुढे टाकले आणि मोठ्या धीराने म्हणाल्या, "होग बा."

शेंग्या उठला, दोन पावले गेला, परत आला, पुन्हा गेला आणि मध्येच गोंधळून उभा राहिला. सगळी कॉलनी हसली. बाई सगळ्यांत जास्त हसल्या. "राहू द्या इथंच," त्या म्हणाल्या. "मला कोण शिकवंल मग कानडी?"

किशनरावांनी साखळी गुंडाळली. "मी उगंच आलो बा," ते म्हणाले. आणि अर्थातच शेंग्या त्यांच्याकडे गेला.

आता ईश्वरप्पा काठावरून मोठ्याने बोलत जातात. धुरपताबाईंची बा म्हणायची खोड गेली नाही, पण त्या आता डब्यातली एक गोळी शेंग्यासाठी राखून ठेवतात.

मित्रांनो, कुठलेही जनावर अंगावर आले असे वाटले, तर रागावण्याआधी एकदा त्याच्या माणसाला विचारा, याला कोणती बोली येते? आणि माझ्यासारख्या दोराकडेही जरा लक्ष द्या. भिजलो तर सावलीत वाळवा. माझा वाख अलीकडे विरत चालला आहे. एखाद्या दिवशी मी तुटेन. तेव्हा मला फेकू नका. गाठ मारा. गाठ मारलेला दोर थोडा आखूड होतो, एवढेच. चालणारे दोघे तेवढे जवळ येतात.