साखर ती साखर

विषाणू अंगावर साखरेचं कातडं पांघरून हिंडतो. शेंगांच्या बियांत एक प्रथिन असतं, ते ही साखर दिसली की घट्ट धरतं. बायकोनं ते प्रथिन काढायचं, नवऱ्यानं ते औषधाच्या अतिसूक्ष्म कणांवर चिकटवायचं, म्हणजे कण थेट विषाणूलाच जाऊन बिलगतील. नवरा-बायकोला एका प्रयोगशाळेत ठेवू नये, हे प्रमुखबाईंना कोणी सांगितलं नव्हतं.

कण बिलगले नाहीत. बशीतल्या पेशी विषाणूनं पटापट मारल्या. बैठकीत नवऱ्यानं घसा खाकरला. "माझे कण ठणठणीत आहेत. प्रथिनच कुचकामी आहे."

"मग प्रथिनाचं काम सोमवारी बंद," प्रमुखबाई म्हणाल्या. बायकोनं वही मिटली.

घरी आईनं विचारलं, "सूनबाई बोलत का नाही रे?"

"दमली असेल."

"की तू दमवलंस?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कण सुकवायला बसला. सुकताना ते फुटू नयेत म्हणून त्यात साखर घालतात. बाटलीकडे हात गेला आणि तिथंच थिजला. मागच्या वेळी नेहमीची साखर संपली होती, म्हणून त्यानं शेजारची घेतली होती. साखर ती साखर! ती बाटली बायकोची; त्यात विषाणूच्या कातड्यातलीच साखर होती. बियांतून प्रथिन काढताना त्यानं धरलेलं सोडावं म्हणून ती हीच साखर वापरायची. थोडक्यात, विषाणू यायच्या आधीच त्यानं प्रथिनाच्या मुठी भरून ठेवल्या होत्या.

त्यानं योग्य साखर घालून कण केले. पेशी जगल्या. आता गुपचूप 'चमत्कार झाला' म्हणता आलं असतं. तसं वाक्य त्यानं मनात दोनदा जुळवलंही. मग कान तापले आणि तो बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

सगळं ऐकून ती म्हणाली, "मला काय सांगतोस? प्रथिन चांगलं आहे हे मला ठाऊकच होतं. जिथं तोंड उघडलंस तिथं उघड."

सोमवारी त्यानं उघडलं. कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"प्रथिन कुचकामी, असं कोण म्हणालं होतं?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"मी."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"मी!"

प्रथिनाचं काम चालू राहिलं. बायकोची एकच अट होती. त्याच्याकडे न बघता ती प्रमुखबाईंना म्हणाली, "कण हा सुकवेल तेव्हा मी शेजारी उभी राहीन."

ती उभी राहते. तो बाटली उचलतो, तिच्यापुढे धरतो, आणि ती होकारार्थी मान हलवेपर्यंत झाकण उघडत नाही.