उजवा खिसा

ड्वाइटने काचेच्या कपाटातून पिस्तूल काढून काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवलं, तेव्हा व्हर्लन टॅकेटला आधी हसूच आलं. तळहाताएवढं ते. त्याच्या बायकोची चष्म्याची डबी याहून मोठी होती. मग त्याने ते उचललं आणि हसू जागच्या जागी विरलं. एवढ्याशा वस्तूने इतकं जड असू नये, असं त्याला वाटून गेलं.

"रिकामं आहे," ड्वाइट म्हणाला. "पण माझ्या शब्दावर जाऊ नको. बघून घे."

व्हर्लनने मॅगझिन काढलं, वरची स्लाइड मागे ओढली. स्प्रिंग अशी कडक की त्र्याहत्तर वर्षांच्या अंगठ्याला तिने दोनदा दाद दिली नाही. त्याने जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेल्या. जुनं यंत्र आपल्या मालकाची चहाडी करतं, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. पिस्तुलाच्या उजव्या अंगाचा काळा मुलामा घासून पांढरा पडला होता, डावं अंग मात्र नवं कोरं. म्हणजे आधीचा मालक ते एकाच खिशात आणि एकाच बाजूने ठेवायचा. मुठीच्या स्क्रूमध्ये कापडाचा निळा भुगा अडकला होता आणि त्यात तंबाखूचा कण. नळी आतून लख्ख.

"फिरलंय फार, उडालंय कमी," ड्वाइट म्हणाला. "नऊ वर्षं खिशात बाळगलं बिचाऱ्याने. एकदाही गरज पडली नाही. तो गेल्यावर बायकोने आणून टाकलं."

"गरज नव्हती तर बाळगलं कशाला?"

"गरज पडू नये म्हणून! तू छत्री घेऊन निघतोस तेव्हा पाऊस येतो का?"

व्हर्लनने वाळूच्या बादलीकडे नळी धरून चाप ओढला. चाप लांबच लांब मागे येत राहिला, बोट थरथरायला लागलं, आणि कधीतरी एकदाचं आत 'टक्' झालं.

"हा चाप आहे का विहिरीवरचा हातपंप?"

"तोच त्याचा लगाम आहे, बाबा. याला वेगळी कडी नाही, कुलूप नाही. चाप जड, म्हणूनच खिशात निर्धास्त."

"हलकी स्प्रिंग मिळते याला. मी घालीन."

"मेकॅनिकची खोड! चाललेलं यंत्र तुम्हाला बघवतच नाही." ड्वाइटने खालून एक चामड्याची खोळ काढली. तीही त्याच म्हाताऱ्याची, वापरून वापरून मऊ पडलेली. "ही यावर चढवायची, म्हणजे चाप झाकला जातो. आणि आता कान देऊन ऐक. ज्या खिशात हे, त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ल्या नाहीत, रुमाल नाही, तुझी ती पेपरमिंटसुद्धा नाहीत. आजपासून तो खिसा तुझा नाही, याचा."

पेपरमिंटची गोष्ट कोल्डवॉटर गॅप गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. व्हर्लन आणि आर्डिथला मूलबाळ झालं नाही. आधी वाट पाहिली, मग डॉक्टर पाहिले, मग तो विषय घरात निघेनासा झाला. एकतीस वर्षांपूर्वी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी व्हर्लन द्राक्षरसाचं तबक घेऊन बाकांपुढून चालला होता. बाप्तिस्मा न झालेल्या पोरांना रसाचा पेला मिळत नाही, म्हणून एका कार्ट्याने भोकाड पसरलं. तबकात चाळीस इवले पेले, दोन्ही हात अडकलेले, व्हर्लन वाकून त्याच्या कानात म्हणाला, "माझ्या उजव्या खिशात बघ." त्या खिशात खोकल्यासाठी ठेवलेलं एक पेपरमिंट होतं.

तेव्हापासून तो खिसा मंडळीतल्या पोरांचा झाला. मागायचं नाही, विचारायचं नाही, सरळ हात घालायचा. ज्यांनी असे हात घातले त्यांची पोरं आता हात घालत होती. सगळी त्याला पेपरमिंट आजोबा म्हणत. व्हर्लनने हे कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण कोटात शिरलेला एखादा चिमुकला हात चाचपडायला लागला, की आपणही या जगात कुणाचे तरी कुणी आहोत असं त्याला वाटायचं. दुसरं काही मिळालं नव्हतं. हे मिळालं होतं.

मग कुठल्याशा दुसऱ्या राज्यातल्या चर्चमध्ये गोळीबार झाला, आणि पाळकांनी तीन माणसांचं हत्यारबंद पहारापथक नेमलं. म्होरक्या रॉइस, शेरीफच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला. दुसरा लॉनी. तिसरा व्हर्लन, कारण दाराशी उभं राहायची त्याची सवय जुनी. खरं सांगायचं तर म्हातारा फुशारला. या वयात लोक खुर्ची आणून देतात. पहारा कोण देतं?

शनिवारी आर्डिथपुढे रंगीत तालीम झाली. पँटच्या खिशातून पिस्तुलाची मूठ बाहेर डोकावत होती.

"उकडलेला बटाटा चोरून चालल्यासारखा दिसतोस," आर्डिथ म्हणाली.

त्याने ते कोटाच्या उजव्या खिशात टाकलं. कोट एका बाजूला ओढला गेला.

"आणि पोरांचं काय?"

"पेपरमिंट डावीकडे. दाराशीच प्रत्येकाच्या हातावर ठेवीन. हात घालायची वेळच येणार नाही."

"नाकापेक्षा मोती जड झालाय," ती म्हणाली आणि इस्त्रीकडे वळली. "मला हे आवडलेलं नाही, व्हर्लन. एकदा सांगितलं, पुन्हा सांगणार नाही."

रविवारी सकाळी दाराशी सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. पोरं आली की हा डाव्या हाताने पेपरमिंट काढून पुढे करी. पोरं जरा बावचळली, पण पेपरमिंट ते पेपरमिंट. फक्त एक पोर राहिली. पाच वर्षांची जोझी आणि तिची आजी लोरेटा उशिरा आल्या, पहिलं गीत सुरू झाल्यावर, बाजूच्या दाराने. व्हर्लनने त्यांना आत शिरताना पाहिलंच नाही, कारण तेव्हा तो शेवटच्या बाकाकडे पाहत होता.

शेवटच्या बाकावर एक अनोळखी तरुण येऊन बसला होता. एप्रिल महिना, पंखे चालू, आणि या माणसाच्या अंगावर जाडजूड थंडीचा कोट. एक बाही रिकामी लोंबत होती, तो हात कोटाच्या आत. गीताला तो उभा राहिला नाही. प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत. घाम मात्र गळत होता. रॉइसने भिंतीजवळून व्हर्लनकडे पाहिलं आणि हनुवटी किंचित हलवली. आज, पहिल्याच दिवशी? व्हर्लनने उजवा तळवा कोटावरून खिशावर ठेवला. जड चाप आठवला. आपलं बोट तेवढं ओढेल का?

"प्रभुभोजनाच्या सेवकांनी पुढे यावं," पाळक म्हणाले.

तीन महिन्यांतून एकदा येणारा तो रविवार होता आणि व्हर्लनला त्याचा साफ विसर पडला होता. दाराचा विचार केला, कोटाचा केला, शत्रूचा केला. ज्या क्षणापासून हे सगळं सुरू झालं होतं तोच नेमका डोक्यातून निसटला. पाय सवयीने पुढे गेले. हात सवयीने लांबले. पाळकांनी भरलेलं तबक त्यांवर ठेवलं.

पहिला बाक. दुसरा. तबक या टोकाने द्यायचं, त्या टोकाने घ्यायचं. डोळे सारखे मागे, त्या कोटाकडे. कोटाच्या आत काहीतरी हललं. चौथ्या बाकाशी व्हर्लन थांबला, दोन्ही हातांत तबक, मान मागे वळलेली. आणि त्याच्या उजव्या खिशात एक चिमुकला हात शिरला.

त्याने खाली पाहिलं. जोझी. पिवळा झगा, केसांत फीत. तिच्या वाट्याला रस नव्हता, म्हणून ती आपला हक्क घ्यायला आली होती. एकतीस वर्षांत या तबकासमोर प्रत्येक पोराने हेच केलं होतं.

"नको," तो म्हणाला. घशातून नुसती हवा आली.

कोटाचं ओझं हललं. हात चाचपडत होता, ओळखीचा कागद शोधत होता. मग त्याला जाणवलं की मऊ पडलेली खोळ खिशातच राहिली आहे आणि आतलं ते तिच्यातून सुटून वर येतंय.

"आजोबा," जोझी कुजबुजली, "अडकलंय."

आणि तिने दुसरा हातही घातला. दोन्ही हातांनी ती ओढायला लागली. एक बोट कशात तरी शिरलं असावं, कारण ओढ आता सरळ नव्हती. तिरकी होती, नेटाची होती, आणि नळीचं तोंड तिच्याच पोटाकडे होतं.

त्याने तबक सोडलं.

लाकडी फरशीवर तबक आदळलं आणि उरलेले पेले फुटले. व्हर्लनच्या दोन्ही मुठी पोरीच्या मनगटांवर पडल्या होत्या, एखादा बोल्ट आवळावा तशा. त्याने ती मनगटं वर खेचली, बाजूला फिरवली. बोटं सुटली. पिस्तूल परत खिशाच्या तळाशी गेलं. पोरगी किंचाळली. तिच्या पिवळ्या झग्यावर लाल रस पसरत चालला होता, आणि तो पाहून लोरेटा अशी ओरडली की अर्धं चर्च बाकांखाली गेलं.

"हात वर!" रॉइस गरजला.

पण तो व्हर्लनकडे पाहतच नव्हता. त्याचं पिस्तूल शेवटच्या बाकावर रोखलेलं. लॉनीचंही निघालं होतं. तो तरुण उभा राहिला होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्याने एक हात वर केला.

"दुसरा! दुसरा हात दाखव!"

"येत नाही वर!"

"कोटातला हात बाहेर काढ, शेवटचं सांगतोय!"

"येत नाही हो! खरंच येत नाही!"

रॉइसचं बोट चापावर होतं. व्हर्लनला ते लांबूनही दिसलं, आणि त्या पिस्तुलाचा चाप काही हातपंपासारखा नव्हता.

"रॉइस!" त्याच्या छातीत इतका आवाज उरला असेल, असं त्यालाही वाटलं नव्हतं. "मी केलं! त्याने काही केलेलं नाही. तबक मी टाकलं! या पोरीने माझ्या खिशातलं... माझ्या खिशातलं पिस्तूल धरलं होतं. इथं दुसरं कुणी नाही. मी आहे, रॉइस. मीच आहे!"

रस बाकांखालून संथपणे वाहत होता. मग रॉइसचा हात हळूहळू खाली आला.

आर्डिथ उठली आणि कुणाची परवानगी न विचारता सरळ मागे गेली. तिने त्या तरुणाच्या कोटाची बटणं काढली. खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर, वर छातीशी पट्ट्यांनी बांधलेलं. आठवड्यापूर्वी लाकडाच्या वखारीत ओंडका पडला होता. प्लास्टरवर शर्ट चढेना, म्हणून कोट. दुखत होतं, म्हणून घाम. कोडी नाव त्याचं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "इथं कुणीही येऊन बसलं तरी चालतं."



व्हर्लन गुडघ्यांवर बसून फुटलेले पेले गोळा करत राहिला. जोझी आजीच्या कुशीत हुंदके देत होती. एकदा तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तो पाहतोय हे दिसताच तोंड लपवलं.

सोमवारी तो ड्वाइटकडे गेला. पिस्तूल हिरव्या कापडावर ठेवलं. ड्वाइटच्या कानावर सगळं आलं होतं. त्याने मॅगझिन काढलं, मुठीवरचा चिकट लाल डाग अंगठ्याने पुसून पाहिला. तो गेला नाही.

"एक रविवार फिरलंय," व्हर्लन म्हणाला. "पुढच्या गिऱ्हाइकाला सांग."

मंगळवारी टपालाने एक लहानसं पाकीट आलं. आत त्याने पिस्तुलाच्या चापासाठी मागवलेली ती हलकी स्प्रिंग होती. व्हर्लनने ती तळहातावर घेतली. ही आठ दिवस आधी आली असती, तर त्याने त्याच संध्याकाळी बसवली असती. बसवून झाल्यावर शीळही घातली असती. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि तोंडावर हात धरून रडला. आर्डिथने शेगडी बंद केली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "मी सांगितलं होतं" हे शब्द तिने उच्चारले नाहीत, आणि त्याबद्दल तिला जितकं मानावं तितकं थोडंच.

पुढच्या रविवारी व्हर्लन दाराशी उभा राहिला. पहाऱ्यातून त्याने नाव काढून घेतलं होतं. कोटाचे दोन्ही खिसे पेपरमिंटने इतके भरले होते की कागद बाहेर दिसत होते. पोरं आली. आयांनी त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले होते. कुणी "गुड मॉर्निंग" म्हणालं, कुणी तेही नाही. आया हसल्या, चांगल्या हसल्या, आणि पोरांना पुढे घेऊन गेल्या.

सगळ्यांत शेवटी जोझी आली. नवा झगा, निळा. दोन्ही मनगटांवर त्याच्या बोटांचे वळ होते, आता पिवळट पडलेले. ती आजीचा हात सोडून त्याच्यापुढे आली. व्हर्लनने सवयीने कोटाची उजवी बाजू जराशी पुढे केली.

जोझीने खिशाकडे पाहिलं. मग तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"आजोबा," ती म्हणाली, घरी पाठ करून घेतल्यासारखं, "मला एक पेपरमिंट मिळेल का, प्लीज?"

एकतीस वर्षांत त्याच्याकडे ते कुणी मागितलं नव्हतं.