आरशाखालचं बटन

खरं सांगाले मले लाज नाही. पुष्पीच्या घरी ते शटर लागलं त्या दिवसापासून माह्या पोटात दुखून राहिलं होतं, अन् ते दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हतं.

पुष्पी म्हणजे पुष्पांजली, माही धाकटी जाऊ. सौंदडमध्ये आमची दोन घरं एकाच आवारात आहेत, मधात तुळशीचा ओटा. इकडं मी, माहे मालक मनिराम अन् सासू मंदाबाई. तिकडं कैलाश भाऊजी अन् पुष्पी. भाऊजीच्या गाड्या तिरोड्याले चालतात, हात सैल आहे. आमच्याकडं धानाची शेती अन् एक मोटारसायकल. पोटाले कमी नाही. पण वाढताना देवानं तिच्या ताटात दोनदा पळी घातली, असं मले वाटते त वाटते. कोणी वाईट म्हणो.

या साली भाऊजीनं नागपूरहून एक मोठी गाडी आणली. जुनीच, पण बाहेर देशातली. तिच्या आतल्या आरशाखाली तीन बटनं. भाऊजी मले बोलावून बोलावून दाखवत, "पाहा वहिनी, हे बटन दाबलं का घरचं शटर आपोआप उघडते. खाली उतराचं कामच नाही." आता घरी शटर होतं कुठं? पण बटन आहे म्हटल्यावर शटर पाहिजेच. मंग त्या एका बटनासाठी घराले लागून गाडीखोली बांधली, तिले मोटरचं शटर लावलं, अन् आतून एक दार काढलं सरळ बैठकीत. गाडी आत, माणूस आत. मधात एक पायरी नाही.

ते पायरी नसणंच माह्या मुळावर आलं. आमचं घर आवाराच्या खालच्या बाजूले, बोडीच्या म्हणजे तळ्याच्या काठानं, पाणी चढते म्हणून जोतं उंच बांधलेलं. पायऱ्या चढल्याशिवाय घरात येता येत नाही. अन् आईचे, म्हणजे सासूचे, गुडघे गेलेले. डॉक्टरनं सांगतलं, पायऱ्या बंद करा. शेक घ्याले त सडक अर्जुनीले न्यावच लागते. दोघं भाऊ ओट्यावर बसले अन् ठरवून मोकळे झाले, का शटर नीट चालू झालं की आई तिकडं राहाले जाईल. कायमची.

आईले विचारलं त ती म्हणे, "तुम्ही म्हणसान तसं." दुसरं काय म्हणन ती. लेकानं एवढा खर्च करून दार बांधलं, त्याच्या तोंडावर नाही कोण म्हणते?

मले कोणी विचारलं नाही. मी लग्न होऊन आली तवा मले माय नव्हती. या बाईनं मले भाताचं पाणी किती ठेवावं इथपासून शिकवलं. मी तिच्यासंगं भांडली, रुसली, दोन-दोन दिवस बोलली नाही, अन् मंग एकाच ताटात जेवली. पायऱ्या उतरताना तिचा हात माह्या खांद्यावर असते, तिथं आता घट्टा पडला असन. पुष्पीनं काय केलं? नवऱ्याले गाडी घ्याले लावली. अन् तेवढ्यावर माही सासू तिची होणार. मी मनात म्हटलं, मोडो ते शटर, जळो ती गाडी.

शटर बसवाले गोंदियाहून फिटर आला, त्या दिवशी पुष्पी मोबाईलवर फोटो काढून राहिली होती अन् त्याच्यासाठी चहा कोण करून राहिली होती? मी. आई तेवढी खुर्ची टाकून त्याच्याजवळ दिवसभर बसली. तो हिंदीत समजावून सांगे, ही मान डोलवे. मले वाटलं, बुढीले पुष्पीच्या घराची हौस लागली. चहात साखर घालाची ती मी मीठ घालता घालता थांबली.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आमच्याकडं नवी वस्तू आली का कुंकू लागते, मंग तो नांगर असो का मोबाईल. आईनं स्वतः सारं केलं. गाडीच्या चाकाखाली लिंबू, आरशाले टिळा, त्या तीन बटनांले टिळा, मोटरले, शटरले, खालच्या पट्टीले, रिमोटले, सगळ्याले हळदकुंकू अन् अक्षता. वरून म्हणे, "नव्या यंत्राले आठ दिवस रोज कुंकू लावाव लागते. मी लावत जाईन." हे शास्त्र मी कधी ऐकलं नव्हतं. पण सासूच्या शास्त्राले कोण फाटा देते?

पूजा झाल्यावर गाडीले शटर ओळखवाचं काम निघालं. भाऊजी गाडीत पुस्तक उघडून बसले. आधी हातातला रिमोट आरशाजवळ धरून रिमोटचं अन् आरशाचं अशी दोन्ही बटनं दाबली, आरशावरचा दिवा भरभर मिचकाले लागला. मंग म्हणे, आता एकानं वर मोटरवरचं बटन दाबाचं, अन् लगेच मी इथून आरशाचं दाबतो, म्हणजे दोघांची ओळख होते. वर चढन कोण? पुष्पी म्हणे, "मला स्टुलावर चक्कर येते." तिले खुर्चीवर बसून चक्कर येत नाही, तेवढं नशीब. चढली मीच.

खोटं कायले बोलू, वर उभी राहून एक क्षण मनात आलं, का दाबूच नये. पण दाबलं. सांगतलं तसं दाबलं, सोडलं. भाऊजीनं आरशाचं बटन दाबलं अन् शटर घरघर करत वर गेलं. सगळे हसले. मालकसुद्धा हसले, जे दिवाळीले हसत नाही.

मंग बंद कराले दाबलं. शटर खाली येईना. वरचा दिवा नुसता मिचके. पुन्हा दाबलं, तेच. हातातल्या रिमोटनं पाहलं, तेच. आदल्या दिवशी फिटरसमोर चांगलं खालीवर झालं होतं. भाऊजीनं पुस्तकात बोट घातलं अन् माह्याकडं पाहलं.

"वहिनी, तुम्ही जास्त वेळ दाबून ठेवलं का? जास्त वेळ दाबलं त सारं पुसून जाते म्हणे."

"पुसलं असतं त उघडलं कसं जी?"

"अर्धं पुसलं असन."

तेवढ्यात पुष्पी हळूच म्हणते कशी, "जाऊ द्या ना. दिदीनं मुद्दाम थोडीच केलं असेल." ते 'मुद्दाम' तिनं असं ताटात वाढल्यासारखं मधोमध ठेवलं का सगळ्यांले दिसलं. माह्या अंगाचा तिळपापड झाला. मी स्टुलावरून उतरली अन् सरळ घरात गेली.

त्यानंतर भाऊजी रोज गाडीत बसून तेच करत. रिमोट धर, बटन दाब, मोटरवर चढ, पुन्हा आरसा. रोज शटर उघडे अन् उघडंच राहे. मंग ते वर चढून हातानं साखळी ओढत अन् शटर खाली घेत. एक दिवस ओढाचं विसरले त शेजारची बकरी आत जाऊन गाडीच्या टपावर बसली. आई रोज सकाळी काठी टेकत जाई, सगळ्याले कुंकू लावून येई. अन् राहे आमच्याकडंच, कारण शटर चालू झालं नव्हतं.

मले सुख होतं. सकाळी तिचा हात खांद्यावर आला का मी तुळशीले म्हणत जाई, असंच राहू दे बाई. पण सुखात माती कालवाले पुष्पी होतीच. बाजारात रुख्मा भेटली, आमच्या गल्लीच्या टोकाले राहते ती. म्हणे, "काऊन व चंद्रकांता, तुह्या हातानं जावेचं शटर बिघडलं म्हणते? दिदीची नजरच तशी, असं म्हणत होती पुष्पांजली." वांगे तसेच टाकून मी घरी आली. नजर म्हणे. मी जळते, हे मले माहीत आहे, पण तिनं ते बाजारात वाटाव?

त्याच संध्याकाळी भाऊजीनं फिटरले फोन लावला, आवाज मोठा करून. आम्ही सगळे ओट्यावर होतो. तो म्हणे, "सेठ, मशीन की आँख के सामने कुछ आया होगा। नीचे पट्टी में दोनों तरफ आँख है ना, वो देखो।"

भाऊजीनं वाकून पाहलं. मालकांनी वाकून पाहलं. मीही पाहलं. मधात सायकल नाही, पोतं नाही, बकरी नाही. भाऊजी फोनमध्ये म्हणे, "कुछ नहीं है भाई, एकदम साफ." फिटर म्हणे, पुढच्या हप्त्यात येतो. आई आपली वाती वळून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी आंगण झाडता झाडता मी शटरजवळ आली अन् त्या आँखीची आठवण झाली. वाकली. उजव्या बाजूले बोटाएवढी काचेची टिकली, तिच्याजवळ बारीक दिवा लागलेला. डाव्या बाजूले तशीच टिकली, पण दिसे कशी? तिच्यावर हळद, कुंकू, वरून तांदळाचे दोन दाणे, रोजचे थर चढून पार पापडी झालेली. काल आम्ही तिघांनी याच पट्टीकडं पाहलं अन् साफ आहे म्हटलं. कुंकू म्हणजे काही आडवं येणं थोडंच असते? कुंकू त सगळीकडं असतेच.

माह्या हातात खराटा तसाच राहिला. मले सारं समजलं. अन् हेही समजलं, का मी गप्प राहली त फिटर येईपर्यंत आई माही. कदाचित पुढंही. मी चुपचाप झाडत पुढं गेली, देवाशपथ, चार हात पुढं गेली.

तेवढ्यात पुष्पी दात घासत दारात आली. तोंडातला फेस सांभाळत म्हणे, "दिदी, शटरला हात नका लावू बरं. आणखी काही होऊन जाईल."

बस. मी खराटा फेकला. मालकांले बोलावलं, भाऊजीले बोलावलं, रुख्मा रस्त्यानं जात होती, तिले त हात धरून आणलं. म्हटलं, "या, सगळे या. माह्या नजरेनं शटर बिघडलं ना? आता पाहा." खाली बसली, पदर ओला केला अन् ती पापडी खरडून पुसली. दुसरा दिवा लागला. "दाबा जी भाऊजी, आरशाचं बटन दाबा."

भाऊजीनं दाबलं. शटर घरघर करत खाली आलं, जमिनीले टेकलं. पुन्हा दाबलं, वर गेलं. पुन्हा खाली. भाऊजी पोरासारखे दाबतच राहिले. म्हणे, "वहिनी, तुम्ही नसत्या त मी गाडी विकली असती."

मी पुष्पीकडं पाहलं. तोंडातला फेस थुंकाचंही भान नव्हतं तिले. तिचा तो चेहरा पाहून मले जे गार वाटलं, ते काय सांगू. रुख्माले म्हटलं, "आता हेही सांग बाजारात." आई आमच्या ओसरीवर उभी होती, हातात कुंकवाची कोयरी. ती वळून आत गेली.

मी मागोमाग गेली. आई पलंगावर बसली होती, पलंगाखालची पेटी बाहेर ओढून.

"आई, पाहलं ना तुम्ही? मी नव्हतं बिघडवलं."

"मले माहीत होतं."

"कसं?"

"मी बिघडवलं होतं." तिनं पेटीची कडी काढली. "फिटरनं माह्यासमोरच सांगतलं होतं, का हा डोळा झाकला त शटर खाली येत नाही. लेकाले नाही म्हणता येईना, म्हणून रोज कुंकू लावून राहिली होती. मले वाटलं, तू रोज झाडतं, तुले दिसलंच असन. दिसून गप्प बसली असन."

मी पेटीजवळ खाली बसली.

"मंग आज तू सगळ्यांले गोळा करून पुसलं," ती म्हणे. "मी म्हटलं, हिलेही कटाळा आला माहा."

"नाही आई. नाही जी. मले फक्त दाखवाचं होतं, का..."

"कोणाले?"

बाहेर भाऊजी अजून बटन दाबून राहिले होते.

"कोणाले दाखवाचं होतं, चंद्रा?"

"पुष्पीले," मी म्हणली.

आईनं माह्याकडं पाहलं. रागानं नाही. मंग पेटी माह्याकडं सरकवली.

"पाहलं तिनं," ती म्हणे. "आता लुगडे भर माहे."