जोडीतलं दुसरं शमादान

रविवार, १ ऑक्टोबर २००६. सकाळी पावणेआठला अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये, सांगलीहून पाहुण्या आलेल्या अहिल्यामावशींनी मेणबत्ती लावायचं दोनशे वर्षांपूर्वीचं एक फ्रेंच शमादान चिंच आणि रांगोळीनं घासून लख्ख केलं.

खंडेनवमी होती. मावशींना भाचीची हत्यारं पुजायची होती. भाची सावनी अमेरिकेतच जन्मलेली. जुन्या धातूच्या कलावस्तूंचं जतन हा तिचा व्यवसाय आणि बेसमेंट ही तिची कार्यशाळा. मावशींनी पाटावर तिचे ब्रश, चिमटे, भिंग मांडलं. मग टेबलावर दोन मळकट समया दिसल्या.

त्या समया नव्हत्या. नेपोलियनच्या राजवटीत पॅरिसमध्ये घडलेली, ब्राँझवर सोन्याचा मुलामा दिलेली शमादानांची ती जोडी होती. प्रत्येकात एक पंख असलेली बाई दोन्ही हातांनी मेणबत्ती उंच धरून उभी. पंखांच्या कडा चकचकीत, अंग आणि वस्त्र मुद्दाम मंद. या फरकातच कारागिराचं कसब होतं. मंद भागावरचा थर फार पातळ. सावनी फक्त साचलेलं मेण काढणार होती.

ती खाली आली तेव्हा एक बाई नखशिखांत चमकत होती. नाकावर आणि गुडघ्यांवर तांबूस धातू उघडा पडला होता.

"मावशी, हे कशानं पुसलंस?"

"पुसलं? घासलं! खांदा भरून आला. तुमच्या अमेरिकेत भांडी घासायला कुणी नाही का गं?"

"मावशी, दॅट वॉज गोल्ड."

"मग सोनं काय काळं ठेवायचं?" मावशींनी तिचा चेहरा पाहिला आणि आवाज उतरला. "दुसरीपण करू का? निदान जोडी जुळेल."

सावनीनं दुसरं शमादान उचलून छातीशी धरलं.

तसा मुलामा पुन्हा द्यायचा तर सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि भट्टीत पारा उडवायचा. त्या वाफा विषारी. ते तिला करता येणार नव्हतं, आणि केलं असतं तरी तो पॅरिसचा हात नसता.

सोमवारी तिनं शमादानांच्या मालकिणीला, वूस्टरच्या मिसेस व्हिटकमना, फोनवर सगळं खरं सांगितलं. बुधवारी त्या आल्या. चमकणारी बाई त्यांनी खिडकीशी नेऊन फिरवून पाहिली.

"पण ही किती छान दिसतेय," त्या म्हणाल्या. "दुसरीही अशीच करा."

मूळ काम आता त्या दुसरीवरच शिल्लक आहे, असं सावनीनं समजावलं.

"हनी, या दोघी माझ्या डायनिंग टेबलवर उभ्या राहणार. एक मळकी, एक उजळ, कसं दिसेल?"

मावशी जिन्यात उभ्या होत्या. "काय म्हणतायत गं? फार रागावल्या का?"

"नाही. त्यांना तुझं काम आवडलं."

मावशी पायरीवरच बसल्या.

सावनीनं नकार दिला. मिसेस व्हिटकम शांतपणे म्हणाल्या की मग त्या दुसरं कुणीतरी बघतील. वस्तू त्यांची होती. शुक्रवारी त्यांचा ड्रायव्हर येऊन दोन्ही शमादानं घेऊन गेला.

दुसरं शमादान अजून तसंच आहे का, हे विचारायला पुढच्या मंगळवारी सावनीनं वूस्टरला फोन केला. घरकाम करणाऱ्या बाईनं उचलला. शमादानं घरात नाहीत, असं ती म्हणाली. कुणाकडे दिली आहेत, हे तिला माहीत नव्हतं.